ही गोळी कोणासाठी?

अंगभर झटके येत असताना कुत्र्याला शुद्ध नसते. पाय झाडले जातात, जबडा वाजतो, तोंडाला फेस येतो, लघवी होते; पण यातलं काही त्याला कळत नसतं आणि त्या मिनिट-दीड मिनिटात त्याला वेदनाही जाणवत नसाव्यात, असं पशुवैद्य सांगतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. काही महिन्यांनी तेच वाक्य टोचायला लागलं. चिंगीला काही कळत नसेल, तर त्या दीड मिनिटात हाल कोणाचे होतात? बघणाऱ्याचे. माझे. मग सकाळ-संध्याकाळ मी तिच्या जिभेच्या मागे जी गोळी ठेवतो, ती नक्की कोणासाठी?

‘तिच्यासाठीच, आणखी कोणासाठी?’ हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. शेजाऱ्यांना दिलं, नातेवाइकांना दिलं, स्वतःलाही दिलं. आता त्या उत्तराची खात्री राहिली नाही.

चिंगी पांढुर्ण्यातल्या आमच्याच गल्लीत जन्मली आणि कोणी आणलं नसताना आमच्या घरची झाली. ऐन तारुण्यात तिला पहिला झटका आला. डॉक्टरांनी त्या दिवशी औषध दिलं नाही, प्रश्न विचारले. डिस्टेंपरची लस दिली होती का? आजूबाजूला कपाशीवर, संत्र्यावर फवारणी सुरू आहे का? औषधाचा रिकामा डबा, उंदराचं विष, असं काही तिने चाटलं असेल का? नुकतीच पिल्लं झाली आहेत का? दूध पाजणाऱ्या कुत्रीचं कॅल्शियम उतरलं तरी अशी आकडी येते, आणि तिथे झटक्याची गोळी नव्हे, कॅल्शियमच लागतं. फवाऱ्यातली काही विषं असतील तर अॅट्रोपिन लागतं. म्हणजे झटका हा रोग नसून एखाद्या वेळी नुसती खूण असते, आणि खूण कशाची ते आधी शोधावं लागतं. माझ्या मनात काय चाललं होतं? प्रश्न पुरे झाले, गोळी लिहून द्या.

रक्त तपासलं, काहीच दोष सापडला नाही. सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरुवात, मधल्या काळात जनावर अगदी ठणठणीत आणि तपासणीत कारण नाही, असं असलं की तो कारण न सापडणारा अपस्मार धरतात. तरीही डॉक्टर म्हणाले, थांबू. जनावरांच्या अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१५ साली याचे निकष मांडले आहेत. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक झटके आले, एखादा झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, एकाच दिवसात ओळीने येऊ लागले, किंवा झटक्यानंतरची गुंगी, आंधळेपण, सैरभैर फिरणं फारच वाईट असलं, तर औषध सुरू करावं. एकाच झटक्यावर सहसा नाही. कारण हे औषध सुरू झालं की बहुधा जन्मभराचं होतं.

ते वाट पाहणं मला सोसवेना. चिंगीची काळजी होतीच, ती खोटी नव्हती. पण तिच्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती मी कोणाला सांगितली नाही. मला रात्री झोप लागत नव्हती. ओसरीवर नख घासल्याचा आवाज आला की मी उठून बसायचो. मला ती झोप परत हवी होती. त्याहून वाईट आठवण पोळ्याची. घर पाहुण्यांनी भरलेलं, बैल दारात ओवाळायला आलेले, आणि चिंगी एकदम ताठ होऊन कोसळली. त्या क्षणी माझ्या मनात पहिला शब्द कोणता आला? ‘अरेरे’ नव्हे. ‘आत्ताच?’ हा शब्द आला. तो कोणी ऐकला नाही. मी ऐकला.

पुढे निकष पुरे झाले आणि फेनोबार्बिटोन सुरू झालं. कुत्र्यांच्या अपस्मारात आजही बहुतेक ठिकाणी पहिलं औषध हेच. जुनं, स्वस्त, माणसांचं आणि जनावरांचं एकच. त्याचा इतिहास वाचताना मी एका जागी अडखळलो. १९१२ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर अपस्माराच्या रुग्णांच्या कक्षावरच राहत होता. रात्री रुग्णांना झटके यायचे आणि याची झोप मोडायची. बाजारात नुकतंच झोपेचं एक नवं औषध आलं होतं. रुग्ण शांत झोपावेत म्हणून त्याने ते दिलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की रात्रीचेच नव्हे, दिवसाचे झटकेही कमी झाले आहेत. ते औषध म्हणजे फेनोबार्बिटोन. त्याच्याही आधीचं औषध पोटॅशियम ब्रोमाइड. १८५७ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स लोकॉक यांनी लंडनच्या वैद्यकसभेत सांगितलं की काही स्त्रियांचे झटके आपण ब्रोमाइडने आटोक्यात आणले. त्यामागची त्यांची समजूत अशी की हे झटके कामविकारातून येतात आणि ब्रोमाइड तो विकार थंड करतं. समजूत चुकीची निघाली, औषध खरं निघालं.

म्हणजे ही दोन्ही औषधं ‘याला शांत करा’ या इच्छेतून सापडली. हे वाचून आधी मला दिलासाच मिळाला. हाउप्टमानला झोप हवी होती, मलाही हवी होती. त्याच्या झोपेतून जगभरच्या रुग्णांचं भलं झालं. मग माझा हेतू इतका उकरून काढायचं कारण काय? पाच मिनिटांच्या वर लांबलेल्या झटक्यात अंगाचा ताप चढतो, मेंदूला इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. ते टाळणं चिंगीच्याच हिताचं आहे. गोळी पोटात गेली की ती देणाऱ्याच्या मनात काय होतं हे गोळीला कुठे कळतं?

काही दिवस मी या युक्तिवादावर निवांत होतो. मग लक्षात आलं की गोळीला कळत नसलं तरी मात्रेला कळतं. औषध द्यायचं की नाही हे आजार ठरवतो, पण किती द्यायचं यात माझा हेतू शिरतो. ते कसं? डॉक्टरांना चिंगी महिन्या-दोन महिन्यांतून पाच मिनिटं दिसते. बाकीची चिंगी त्यांना माझ्या तोंडून कळते. माणसाला हीच गोळी दिली तर तो सांगतो, ‘डोकं जड राहतं, पायात बळ नाही, कामात मन लागत नाही, कमी करा.’ चिंगी काय सांगणार? तिच्या वतीने बोलणारा मी, आणि मला शांतता हवी आहे. ज्याला निकालाशी मतलब आहे असा साक्षीदार. अशा साक्षीवर मात्रा वाढत गेली तर दोष कोणाचा?

मी एक वही ठेवली होती. झटक्याची तारीख, वेळ, किती मिनिटं. नीट, रेघा मारून. अभिमान होता मला त्या वहीचा. एकदा सहज मागे चाळत गेलो आणि दिसलं की तिच्यात चिंगी नाहीच, नुसते झटके आहेत. औषध सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे तिचा मागचा भाग लटपटायचा, पायरी चुकायची. ते वहीत नाही. फाटक वाजलं की धावत यायची, ती नुसती मान वर करून पुन्हा ठेवायला लागली. ते वहीत नाही. त्या महिन्यांपुढे मी काय लिहिलं होतं? ‘छान. एकही नाही.’ ज्या महिन्यात ती सर्वांत कमी चिंगी होती, तो महिना माझ्या वहीत सर्वांत चांगला होता.

आणि भूक. याबद्दल लिहायला मी सर्वांत टाळाटाळ केली. फेनोबार्बिटोनने कुत्र्याची भूक भयंकर वाढते, तहान वाढते आणि त्यामुळे लघवीही. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, मी मानही डोलावली होती. पण घरात ती भूक दिसते तेव्हा ती ‘औषधाचा परिणाम’ अशी पाटी गळ्यात घालून येत नाही. ती भाकरीच्या टोपल्यात तोंड घालणाऱ्या कुत्रीच्या रूपात येते. जी कधी ताटाजवळ फिरकत नसे, ती घास हातातून ओढायला लागली. रात्री ओसरीवर लघवी करायला लागली. मी काय केलं? ओरडलो. ‘लाज नाही का’ म्हणालो. एकदा वर्तमानपत्राची गुंडाळी करून मारली. ती कान पाडून बसली आणि दहा मिनिटांनी पुन्हा टोपल्याशी आली, कारण भूक काही माझ्या मारण्याने गेली नव्हती. आई तिथे बसली होती. ती म्हणाली, ‘तिले भूक लागली बाप्पा, तिच्या हातात हाय का ते?’

आईने औषधाची माहिती वाचलेली नव्हती, मी वाचलेली होती. भूक मीच रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या पोटात घालत होतो आणि मीच त्या भुकेला शिक्षा करत होतो. हे मला कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. कळत होतं, पण मोडलेली शिस्त मला जास्त डाचत होती. किती सहज आपण आपल्या उपायाचे परिणाम दुसऱ्याच्या स्वभावात जमा करतो! मुलांच्या बाबतीत, घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत मी हेच केलं नसेल का? मागे वळून बघायला मन धजत नाही. यावर करण्यासारखं होतं ते साधंच: खाणं मोजून पण अधिक वेळा विभागून, भाजी-काकडी मिसळून, कारण वजन वाढलं तर मात्रेचं गणित बदलतं, पाणी कधीच न तोडता, आणि रात्री झोपण्यापूर्वी तिला बाहेर फिरवून आणायचं. शेवटच्या गोष्टीत माझी झोप अर्धा तास कमी होते. इतकीच किंमत होती, आणि ती द्यायला मी इतके दिवस लावले.

औषधाच्या दुकानातलीही एक गोष्ट आहे. गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मिळूही नये. काउंटरवर गर्दी होती. शेजारी उभ्या असलेल्या, खेड्यातून आलेल्या माणसाने माझ्या हातातलं पाकीट पाहिलं आणि आपुलकीने विचारलं, ‘घरी कोनाले मिरगी हाय का, भाऊ?’ मी ‘हो’ म्हणालो आणि पैसे देऊन बाहेर पडलो. ‘कुत्रीला’ हा शब्द तोंडातून निघाला नाही. का? तो पाकीट ओळखत होता, म्हणजे त्याच्या घरी कोणीतरी ते घेत असणार. जिथे अजून झटका आलेल्या पोराला कांदा आणि चप्पल हुंगवतात, तिथे मी कुत्रीसाठी तीच गोळी नेतो, याची मला लाज वाटली. कमी उत्पन्नाच्या देशांत अपस्माराच्या चारपैकी तीन रुग्णांना हवे ते उपचार मिळत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषध इतकं स्वस्त आणि तरीही.

पण ती लाज तरी खरी होती का? त्या माणसाच्या घरातल्या रुग्णाची मला काळजी असती, तर मी थांबून चौकशी केली असती. कोणाला येतात? गोळी रोज देता ना? बरं वाटलं म्हणून एकदम बंद तर करत नाही? एकदम बंद केली तर झटके उलटून जोरात येतात, हे माणसालाही लागू आहे, चिंगीलाही. एवढं तर मला सांगता आलं असतं. मी काही विचारलं नाही. लोक काय म्हणतील याचीच लाज होती ती. त्या पोराच्या नावाने तिला मोठेपणा देण्यात अर्थ नाही.

आणि रस्त्यावरचं ते कुत्रं. बाजाराच्या वाटेवर एक तांबडं कुत्रं आडवं पडून झटके देत होतं. भोवती माणसं, दोघा-तिघांच्या हातात दगड. ‘पिसाळलं, पिसाळलं.’ ही भीती खोटी नाही. रेबीजमध्येही झटके येतात, आणि तो एकदा दिसू लागला की माणसाला काय, जनावराला काय, उपाय जवळपास नाहीच. अशा कुत्र्याला हात लावू नये हेच बरोबर. पण लोकांना मागे सरा म्हणणं, दगड टाकायला लावणं, जनावरांच्या दवाखान्यात कळवणं, एवढं मला करता आलं असतं. डिस्टेंपर असेल, विष असेल, चिंगीसारखंच काही असेल, ही शक्यता त्या गर्दीत ज्यांना माहीत होती त्यात मी नक्की होतो. मी रस्ता ओलांडून पुढे गेलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत सावरगावशी दगडफेकीची गोटमार खेळणाऱ्या या गावात दगडाकडे बोट दाखवून लेख लिहिणं सोपं आहे. माझ्या हातात दगड नव्हता. माझ्या हातात भाजीची पिशवी होती आणि मला उशीर झाला होता.

हे दोन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवले की पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा स्पष्ट होतं. त्या तांबड्या कुत्र्याच्या झटक्यांनी माझी झोप मोडत नव्हती. म्हणून मला तिथे औषध आठवलं नाही. चिंगीवर माझं प्रेम आहे, ते मी नाकारत नाही. पण ते प्रेम आणि माझी सोय इतकी एकमेकांत मिसळली आहेत की कुठून कोणती सुरू होते हे मला सांगता येत नाही. वेगळी करता येतील असंही वाटत नाही. करता येईल ते एवढंच की मात्रा ठरवण्याच्या वेळी सोयीला बोलू द्यायचं नाही.

त्यासाठी वही बदलली. डाव्या पानावर झटके, उजव्या पानावर चिंगी: फाटकापर्यंत आली का, पायरी चढली का, पाहुण्यावर भुंकली का. दोन्ही पानं दाखवली तेव्हा डॉक्टरांनी उजवं पान आधी वाचलं. ते म्हणाले, झटके शून्यावर आणणं हे ध्येय पुष्कळदा गाठता येत नाही. वीस ते तीस टक्के कुत्र्यांत दोन-दोन औषधं देऊनही झटके पुरते आटोक्यात येत नाहीत. झटके विरळ व्हावेत, थोडक्यात आटपावेत आणि मधले दिवस जनावराचे स्वतःचे असावेत, हे खरं ध्येय. मला ‘मधले दिवस’ हे शब्द नवीन होते. मी आजवर फक्त झटक्यांचे दिवस मोजत होतो.

या औषधांना माझ्या घाईशी काही देणंघेणं नाही, हेही हळूहळू कळतं आहे. फेनोबार्बिटोन रक्तात स्थिरावायला सुमारे दोन आठवडे लागतात; त्याआधी ‘गुण येत नाही’ म्हणणं व्यर्थ. गोळ्यांमध्ये बारा तासांचं अंतर हवं, आणि ते रविवारीही हवं. ब्रोमाइड तर कुत्र्याच्या शरीरातून निम्मं बाहेर पडायलाच तीनेक आठवडे घेतं, म्हणून त्याची पातळी बसायला तीन-चार महिने जातात. त्या काळात खाण्यातलं मीठ एकसारखं ठेवावं लागतं, कारण मीठ वाढलं की मूत्रपिंड ब्रोमाइड बाहेर टाकतं आणि झटके परततात. कोणी प्रेमाने चिवडा घातला तरी. मांजराला ब्रोमाइड द्यायचंच नाही, फुप्फुसांवर जातं. लेव्हेटिरासेटाम लवकर काम करतं आणि यकृताला जड नाही, पण कुत्र्यात ते इतक्या लवकर उतरतं की साधी गोळी दिवसातून तीनदा, आठ-आठ तासांनी द्यावी लागते. आठ तासांनी म्हणजे माझ्या झोपेच्या मध्यावर.

गेल्या महिन्यात बऱ्याच काळाने चिंगीला झटका आला. लहान होता, मिनिटभरात आटपला. तरी दुसऱ्या दिवशी मी फोनवर डॉक्टरांना म्हणालो, ‘दुसरं औषध जोडूया का?’ किती चटकन तोंडातून आलं ते. इतकं सगळं स्वतःशी बोलून झाल्यावरही. त्यांनी विचारलं, उजव्या पानावर काय आहे? मी पाहिलं. फाटकापर्यंत येते आहे, पायरी चढते आहे, परवा माकडांवर भुंकली. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, मग आधी रक्तातली औषधाची पातळी बघू आणि यकृतही तपासू. पातळी कमी असेल तर याच गोळीत थोडी जागा आहे. वरच्या टोकाला असेल तर आणखी वाढवणं यकृताला परवडणार नाही, तेव्हा दुसऱ्याचा विचार.

त्यासाठी नागपूरला जायचं आहे. आमच्या मध्य प्रदेशाचं पशुवैद्यकीय विद्यापीठ जबलपूरला आहे, पण आमच्याकडची माणसं जनावरं घेऊन शंभरएक किलोमीटरवरच्या नागपूरलाच जातात. सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं, सवयीचं. सकाळची गोळी देण्याआधी रक्त घ्यायचं, म्हणजे पहाटेच निघावं लागेल. दुसरं औषध नकोच, असं माझं म्हणणं नाही. गरज निघाली तर देईन, रात्री उठूनही देईन. पण हवं असं म्हणताना ते कोण म्हणतं आहे, हे मला अजून दर वेळी तपासावं लागतं, आणि दर वेळी नीट कळतंच असं नाही. अहवाल येईपर्यंत मात्रा आहे तीच ठेवायची, असं ठरलं आहे.